त्रिंबक : विद्येचं जुनं गाव

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा समितीचा आग्रह झाला. सोसायटीचा इतिहास, म्हणजे जागा कशी घेतली, पहिली सर्वसाधारण सभा कुठे भरली, पाण्याची लाईन कधी आली, हे आपले आजी-माजी सेक्रेटरी माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी म्हटलं, आपली सोसायटी ज्या गावाच्या कुशीत उभी आहे, त्या गावाबद्दल लिहावं. कारण आपल्यातली बरीच कुटुंबं नोकरीधंद्यानिमित्त बाहेरून येऊन इथे स्थिरावली. पंचवीस वर्षं झाली, पण त्र्यंबकेश्वर म्हणजे दर्शनाची रांग, सोमवारची गर्दी, श्रावणातली फेरी आणि पाहुण्यांच्या गाड्यांचं पार्किंग, याच्या पलीकडे आपली ओळख फारशी गेलेली नाही.

निमित्त आणखी एक घडलं. आपल्याच एका सभासदाची मुलगी इटलीत पादुआ या गावी शिकते आहे. मागच्या सुट्टीत ती आली तेव्हा तिथल्या विद्यापीठाचं भरभरून वर्णन करत होती. ते विद्यापीठ १२२२ सालचं. बोलोन्याहून काही शिक्षक आणि विद्यार्थी बाहेर पडले आणि पादुआला येऊन शिकवू-शिकू लागले, ही त्याची सुरुवात. पुढे गॅलिलिओने तिथे १५९२ ते १६१० अशी अठरा वर्षं शिकवलं. औषधी वनस्पतींची बाग १५४५ ची, अजून जिवंत आहे. सगळं सांगून झाल्यावर तिने सहज विचारलं, "काका, आपल्या त्रिंबकला असं काही होतं का हो?"

होतं. फक्त त्याला दगडी इमारत नव्हती आणि दारावर पाटी नव्हती. तेच या लेखात सांगायचं आहे.

अन्न आधी, पाठ नंतर

विद्येचं गाव कशामुळे होतं? बँकेत आयुष्य गेल्यामुळे मला आधी खर्चाची बाजू दिसते. शिकवणारा हवा, शिकणारा हवा, हे खरंच. पण शिकणाऱ्याच्या पोटात अन्न कोण घालणार आणि शिकवणाऱ्याचा संसार कोण चालवणार, हा प्रश्न सुटल्याशिवाय कोणतंही विद्यापीठ उभं राहत नाही. जुन्या बोलोन्यात विद्यार्थीच वर्गणी काढून शिक्षकांचं मानधन देत. पादुआ १४०५ साली व्हेनिसच्या ताब्यात गेलं आणि व्हेनिसच्या श्रीमंत सरकारने ते विद्यापीठ सांभाळलं.

आता आपल्या गावाची मूळ कथा आठवा. गौतम ऋषींची गोष्ट आपण गोदावरी कशी आली एवढ्यासाठी सांगतो. पण कथेची सुरुवात काय आहे? मोठा दुष्काळ पडला, तेव्हा गौतमांनी ब्रह्मगिरीपाशी भाताची शेती करून आश्रयाला आलेल्या सगळ्या ऋषींना जेवू घातलं. पुढे त्याच ऋषींना मत्सर वाटला, मायेची गाय शेतात सोडली गेली, गोहत्येचा आळ आला आणि त्यातून सुटण्यासाठी गौतमांनी तप करून गंगा आणली. पुराणकथा म्हणून सोडून दिलं तरी तिच्यात एक व्यवहार आहे. या गावाची पहिली आठवण म्हणजे विद्वानांना पोसणारं भाताचं शेत. आणि विद्वानांचं आपसातलं भांडणही तितकंच जुनं! आपल्या भागात आजही पावसाळ्यात भाताची खाचरं भरलेली दिसतात, तेव्हा मला ही कथा आठवते.

कथेकडून नोंदीकडे यायचं तर अंजनेरीला जावं लागतं. आपल्यापैकी अनेकजण हनुमान जन्मस्थान म्हणून डोंगर चढून आले असतील. पायथ्याच्या गावात जुन्या देवळांचे अवशेष विखुरलेले आहेत, ते मात्र बसमधून दिसत नाहीत. तिथल्या एका संस्कृत शिलालेखात, शके १०६३ म्हणजे साधारण ११४१ साली, देवगिरीच्या यादव घराण्यातील सेऊणदेवाच्या काळात काही दुकानांचं उत्पन्न जैन मंदिराला लावून दिल्याची नोंद आहे. म्हणजे दुकानाचं भाडं धर्मादायाकडे! आमच्या भाषेत याला कायम ठेव म्हणतात. धर्म असो वा विद्या, तिच्यामागे कुठेतरी बाजारपेठ उभी असते, हे नऊशे वर्षांपूर्वी इथल्या लोकांना ठाऊक होतं.

गुरू निवृत्तिनाथ

पादुआचं विद्यापीठ पन्नास वर्षांचं झालं होतं, त्या सुमारास, १२७३ साली निवृत्तिनाथांचा जन्म झाला. वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन गुरूंच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले, म्हणून कुटुंब वाळीत पडलेलं. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, सगळे पांगले आणि थोरला निवृत्ती वाट चुकून एका गुहेत शिरला. तिथे गहिनीनाथ भेटले, अशी परंपरेने चालत आलेली हकिकत आहे. आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि ज्ञानदेव, ही गुरुपरंपरा ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी स्वतःच सांगितली आहे.

ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशाला सांगितली गेली, हे आपण शाळेत शिकलो. पण ज्यांनी ज्ञानदेवांना शिकवलं ते निवृत्तिनाथ, आणि त्यांना जिथे गुरू भेटले ते आपलं गाव, ही साखळी आपण सहसा जोडत नाही. ज्या मुलांना मुंजीचा अधिकार नाकारला, त्यांच्यातल्याच एकाने धाकट्याला विद्या दिली आणि धाकट्याने ती मराठीत आणली. संस्कृत येणाऱ्यांच्या ओसरीवरची विद्या शेतकऱ्याच्या ओसरीवर गेली. आळंदीला ज्ञानदेव, सासवडला सोपानदेव आणि तापीकाठी मुक्ताबाई अशी भावंडं एकेक करून गेली. त्यानंतर १२९७ साली निवृत्तिनाथांनी त्र्यंबकलाच समाधी घेतली. पौष वद्य एकादशीला गावात दिंड्या येतात, ज्येष्ठात त्यांची पालखी पंढरपूरला निघते. ती यात्रा एका शिक्षकाची आहे, असा विचार करून एकदा समाधीसमोर उभं राहून बघा.

पेशव्यांचं देऊळ आणि ओसरीवरचे वर्ग

आजचं काळ्या पाषाणाचं देऊळ तिसरे पेशवे नानासाहेब यांनी बांधायला घेतलं. काम १७५५ ते १७८६ असं एकतीस वर्षं चाललं आणि सोळा लाख रुपये खर्च झाला, असं सांगतात. मधल्या काळात १७६१ चं पानिपत झालं, त्याच वर्षी नानासाहेब गेले, पुढे पुण्यात काय काय घडलं ते आपण जाणतो. तरी इथले पाथरवट काम करत राहिले. आपली सोसायटी उभी राहताना तीन वर्षांच्या जागी साडेचार लागली म्हणून सभेत केवढा गदारोळ झाला होता, तो जुन्या सभासदांना आठवत असेल! कुशावर्त तीर्थाचं देखणं दगडी बांधकामही अठराव्या शतकातलं, होळकरांचे फडणीस पारनेरकर यांचं.

देवळाभोवती वाडे झाले आणि वाड्यांच्या ओसऱ्यांवर पाठशाळा चालू लागल्या. इमारत, घंटा, हजेरीपट काही नाही. गुरुजींचं घर हीच शाळा. मुलगा आठ-दहा वर्षांचा असताना यायचा आणि बारा-बारा वर्षं राहायचा. फी शून्य. जेवणासाठी मधुकरी किंवा वार लावलेले, म्हणजे सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. ताटात पडेल ते मुकाट्याने खायचं. वार लावून जेवलेल्यांची पिढी आता जवळपास संपली, पण त्या व्यवस्थेचा अर्थ लक्षात घ्या. एका विद्यार्थ्याचा भार सात घरांनी उचलला की कोणत्याच घराला तो जड होत नाही. यापेक्षा सोपी शिष्यवृत्ती मी तरी पाहिली नाही.

शिकायचं काय? संहिता, ब्राह्मण, आरण्यक, शिक्षा, कल्प, व्याकरण, निघंटु, निरुक्त, छंद आणि ज्योतिष, हे दहा. ज्याचे हे सगळे पाठ झाले तो दशग्रंथी. यात व्याकरण आहे, शब्दकोश आहे, उच्चारशास्त्र आहे, गणिताला धरून असलेलं ज्योतिष आहे. आणि हे सगळं तोंडपाठ.

पाठांतरात चूक शिरू नये म्हणून केलेली योजना तर आम्हा हिशेबाच्या माणसांनी नमस्कार करावा अशी आहे. समजा, मंत्रातले शब्द एक, दोन, तीन असे आहेत. क्रमपाठात एक-दोन, दोन-तीन असं म्हणत जायचं. जटापाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन. घनपाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन, आणि मग दोनपासून पुन्हा तेच. म्हणजे मधला प्रत्येक शब्द तेरा वेळा तोंडातून जातो, उलटा, सुलटा, शेजारच्यांसकट. एक स्वर जरी चुकला तरी पुढच्या आवर्तनात तो उघडा पडतो. आम्ही बँकेत रोजकीर्द आणि खातेवही जुळवायचो, आडवी बेरीज आणि उभी बेरीज ताडून पाहायचो, त्यातलाच हा प्रकार. फक्त इथे वहीच नाही, सगळा ताळेबंद डोक्यात. वेदपठणाच्या या परंपरेला २००३ साली युनेस्कोने मानवजातीचा मौखिक वारसा म्हणून मान्यता दिली. सकाळी गावातून फिरायला जाताना एखाद्या पाठशाळेतून मुलांचा एका सुरातला आवाज येतो, तो हाच.

वह्यांमधला महाराष्ट्र

तोंडी विद्येच्या या गावात लेखी साठाही मोठा आहे, तो म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या. कुणीही यात्रेकरू आला की त्याचं गाव, आडनाव, वडील, आजोबा, भाऊ, मुलं, कशासाठी आला, ही नोंद आणि खाली सही. कुठल्या गावचे यजमान कोणत्या घराण्याकडे, हे ठरलेलं. तुम्ही आपलं गाव आणि आडनाव सांगा, गुरुजी आतून लाल कापडात बांधलेलं बाड आणतात आणि तुमच्या पणजोबांची सही तुमच्यासमोर ठेवतात. आमच्या व्याह्यांना हा अनुभव आला तेव्हा गृहस्थ रडायचेच बाकी राहिले होते. ज्या माणसाचा फोटोसुद्धा घरात नाही, त्याचं हस्ताक्षर! वारसाहक्काच्या दाव्यांत अशा वह्या पुरावा म्हणून कोर्टापुढे गेल्या आहेत.

पण यात एक मोठी अडचण आहे. जुन्या नोंदी बऱ्याच मोडी लिपीत आहेत. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत व्यवहारात होती, शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत वाचणारे विरळ झाले. बाड शाबूत, शाई शाबूत, आणि वाचणारा नाही. किल्ली हरवलेल्या लॉकरसारखी स्थिती.

दाराबाहेरचे

जुन्या गावाचं कौतुक करताना एक गोष्ट झाकून ठेवणं बरं नाही. ओसरीवरची ही विद्या सगळ्यांना खुली नव्हती. बहुजनांच्या मुलांना नव्हती, मुलींना नव्हती. पादुआचंही फार वेगळं नव्हतं म्हणा. तिथे एलेना कोर्नारो या बाईंना डॉक्टरेट मिळाली ती १६७८ साली, विद्यापीठ निघाल्यावर ४५६ वर्षांनी, आणि त्यानंतरही तिथे स्त्रियांसाठी दार बराच काळ पुन्हा बंदच राहिलं.

आपल्याकडे जे दाराबाहेर राहिले त्यांनी दुसरा रस्ता काढला. मुक्ताबाई निवृत्तिनाथांकडूनच शिकल्या आणि चांगदेवांच्या गुरू झाल्या. सहाशे वर्षांनी, १८६८ मध्ये, जवळच्याच जलालपूरला गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्मली. शाळेचं तोंड न पाहिलेली ती मुलगी लग्नानंतर लिहाय-वाचायला शिकली आणि 'स्मृतिचित्रे' लिहून लक्ष्मीबाई टिळक म्हणून अजरामर झाली. ज्या घरी हे पुस्तक नसेल त्यांनी आपल्या वाचनालयातून जरूर न्यावं.

विद्या गाव सोडून गेली

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. त्र्यंबकचा किल्ला इंग्रजांनी घेतला. देवाचा म्हणून प्रसिद्ध असलेला नाशिकचा हिरा त्यांच्या हाती लागला आणि विलायतेत विकला गेला. त्या हिऱ्याबद्दल आपण अजून हळहळतो. पण त्याच सुमारास विद्येचाही पैसा हलला, त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. पेशवे श्रावणात पुण्याला विद्वानांची परीक्षा घेऊन दक्षिणा वाटत. ठिकठिकाणचे वैदिक आणि शास्त्री त्यासाठी जात. इंग्रजांनी तो निधी एकदम बंद केला नाही. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली, पुढे तिचंच रूपांतर होत डेक्कन कॉलेज झालं. दक्षिणेचा पैसा हळूहळू नव्या शिक्षणाकडे वळला. यात वाईट काही नव्हतं, नव्या शिक्षणामुळेच तुम्ही-आम्ही नोकऱ्या केल्या. पण लहान गावांतल्या ओसऱ्या ओस पडू लागल्या. पैसा गेला त्या दिशेने विद्वान गेले, पुणे आणि मुंबई.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण फाळक्यांचं. दाजीशास्त्री फाळके हे त्र्यंबकचे संस्कृत पंडित. ३० एप्रिल १८७० रोजी त्यांच्या घरी धुंडिराज जन्मला. पुढे दाजीशास्त्रींना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली आणि कुटुंब गाव सोडून मुंबईला गेलं. मुलगा १८८५ मध्ये जे. जे. कला शाळेत दाखल झाला, नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकला, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात 'राजा हरिश्चंद्र' लागला. भारतीय चित्रपटाचा जनक त्र्यंबकचा, हे आपण अभिमानाने सांगतो. मला त्यात आणखी काही दिसतं. हरिश्चंद्र, लंकादहन, कालियामर्दन या त्यांच्या चित्रपटांच्या गोष्टी ओसरीवरच्या आहेत. संस्कृत पंडिताच्या घरात कानावर पडलेलं त्यांनी पडद्यावर आणलं, तेही तिकीट काढणाऱ्या प्रत्येकासाठी. निवृत्ती-ज्ञानदेवांनी सहाशे वर्षांपूर्वी केलं, त्याच वाटेवरचं हे एक पाऊल, असं मला वाटतं. कुणाला पटेल, कुणाला नाही.

आज काय उरलंय?

अगदीच काही उरलं नाही असं नाही. पाठशाळा आहेत, लांबून मुलं येऊन शिकतात. अंजनेरीला १९८० साली स्थापन झालेली भारतीय मुद्रा संशोधन संस्था आहे. जुन्या नाण्यांचा अभ्यास आणि संग्रहालय, दोन्ही तिथे आहे. छत्तीस वर्षं पैसे मोजले, पण नाणं वाचायचं असतं हे मला तिथल्या काचेच्या कपाटांपुढे उभं राहिल्यावर कळलं. आपल्याकडचे किती लोक तिथे गेलेत, हात वर करा!

चिंता आहे ती वेगळी. गावात आज जो पैसा येतो तो विधींसाठी येतो. त्यात कुणाची श्रद्धा दुखवायची नाही आणि त्यावर अनेक घरं चालतात. पण ज्या विधीला मागणी, तेवढेच मंत्र पाठ करून लवकर कमवायला लागावं, असं एखाद्या मुलाला वाटलं तर त्याला दोष कसा द्यायचा? बारा वर्षं घनपाठ करणाऱ्याला सात घरं जेवू घालायला तयार होती, म्हणून तो बारा वर्षं बसू शकला. सात घरं उठली की बारा वर्षंही उठणार. हाच हिशेब मोडीचा, हाच जुन्या वाड्यांचा. एक वाडा पडतो, तिथे लॉज होतो. मालकाला तरी काय म्हणावं? कौलं शाकारायला, तुळया बदलायला पैसा लागतो, आणि आपल्याकडचा पाऊस कुणाची गय करत नाही.

आता आपल्याबद्दल. आपण काही सरकार नाही की संस्थान नाही. पण एवढ्या घरांची सोसायटी आहोत, आणि सात घरांनी काय होतं ते वर लिहिलंच आहे. रौप्यमहोत्सवी वर्षासाठी माझ्या तीन सूचना आहेत, सभेने विचार करावा.

पहिली, आपल्या सभागृहात दर रविवारी सकाळी दोन तास मोडीचा वर्ग सुरू करावा. बाराखडी बसायला काही महिने पुरतात, पुढे सराव. निवृत्त मंडळींना वेळ आहे, मुलांना नवीन लिपी म्हणजे गुप्त भाषेसारखी मजा वाटते. दुसरी, प्रत्येकाने आपापल्या घरातली जुनी कागदपत्रं, दस्त, पत्रं रद्दीत देण्याआधी एकदा दाखवून घ्यावीत. माळ्यावरचं एक गाठोडं कधीकधी साऱ्या गावाचा इतिहास घेऊन बसलेलं असतं. तिसरी, गर्दी नसलेल्या एखाद्या दिवशी, सोमवार आणि सिंहस्थ टाळून, सगळ्यांनी मिळून गाव पायी बघावं. सकाळी कुशावर्त, मग निवृत्तिनाथांची समाधी, पाठशाळेच्या ओसरीवर पाच मिनिटं, आणि गुडघे धडधाकट असतील त्यांनी सातशेच्या आसपास पायऱ्या चढून गंगाद्वारापर्यंत. वरून खाली पाहिलं की देवळाचं शिखर, जुन्या छपरांची दाटी आणि पलीकडे आपल्या इमारतींच्या टाक्या, सगळं एका नजरेत येतं.

मोडीच्या वर्गासाठी फळा आणि पहिल्या वर्षाच्या खडूंचा खर्च मी देईन. नाव नोंदवायची वही ऑफिसात ठेवली आहे.

— आपला एक जुना सभासद
(निवृत्त बँक अधिकारी)